पाऊल, हात आणि जीभ : इंग्रजीतील चुका व डळमळीत हालचाली दर्शविणाऱ्या शब्दांचा अर्थविचार

गोषवारा

चालताना तोल जाणे आणि काम करताना चूक होणे या दोन अनुभवांसाठी इंग्रजीत वापरले जाणारे अनेक शब्द परस्परांशी निगडित आहेत. द्विभाषी अध्यापनात मात्र त्यांपैकी बहुतेकांना 'अडखळणे' किंवा 'चूक करणे' असे एकच प्रतिशब्द दिले जातात. त्यामुळे तोल नेमका कशाचा गेला, बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला आणि दोष कोणाकडे जातो, हे तीन तपशील गळून पडतात. प्रस्तुत लेखात या शब्दांची व्युत्पत्ती, त्यांतील अर्थच्छटा, विविध ज्ञानशाखांतील त्यांचे पारिभाषिक उपयोग आणि त्यांना समांतर असलेली मराठीतील शब्दसंपत्ती यांचा विचार केला आहे.

१. प्रस्तावना

पदवी स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात 'स्टम्बल', 'फम्बल', 'बंगल', 'ब्लंडर', 'फॉल्टर', 'फ्लाउंडर' हे शब्द वरचेवर येतात. कथा-कादंबऱ्यांत ते आढळतात, तसेच वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत, न्यायालयीन निकालांत व वैद्यकीय अहवालांतही आढळतात. विद्यार्थ्याला त्यांचा स्थूल अर्थ संदर्भावरून कळतो आणि तेवढ्यावर काम भागते असे वाटते. वास्तविक पाहता यांतील प्रत्येक शब्द एका विशिष्ट प्रसंगाचे वर्णन करतो आणि त्याचबरोबर त्या प्रसंगातील व्यक्तीविषयी एक मतही नोंदवितो. हे मत कधी सौम्य, कधी उपहासाचे, तर कधी सरळ दोषारोपाचे असते. अनुवादात अथवा उत्तरपत्रिकेत शब्द बदलला की मत बदलते. म्हणून इंग्रजीच्या अध्यापकाप्रमाणेच विधी, मानसशास्त्र, विज्ञान आणि मराठी या विषयांच्या अध्यापकांनाही या शब्दसमूहाचा परिचय उपयुक्त ठरावा.

२. ध्वनी आणि पुनरावृत्ती

या शब्दांकडे पाहताना प्रथम लक्षात येते ते त्यांचे ध्वनिसाम्य. 'स्टम्बल', 'फम्बल', 'बम्बल', 'टम्बल', 'मम्बल', 'जम्बल' या शब्दांच्या अंती एकच ध्वनिसमूह आहे आणि त्या सर्वांत गोंधळलेल्या, अस्पष्ट अथवा सुटलेल्या हालचालीचा भाव आहे. अर्थाशी असे साहचर्य जडलेल्या ध्वनिसमूहासाठी ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये 'फोनस्थीम' ही संज्ञा योजली. अर्थात हे साहचर्य म्हणजे नियम नव्हे. 'हम्बल' हा शब्द लॅटिन 'हुमिलिस' या विशेषणापासून आला असून त्याचा या गोंधळाशी काही संबंध नाही. विद्यार्थ्यांना शब्द लक्षात ठेवण्यास हे साम्य साहाय्यक ठरते. अर्थ सिद्ध करण्यासाठी ते पुरेसे नाही.

दुसरे वैशिष्ट्य प्रत्ययाचे आहे. इंग्रजीत क्रियेची लहान लहान पुनरावृत्ती दाखविण्यासाठी शब्दाच्या शेवटी 'ल' किंवा 'र' हा ध्वनी असलेला प्रत्यय लागत असे. पाण्यातून पाय टाकीत जाणे या अर्थाच्या 'वेड' या क्रियापदापासून 'वॉडल' हा शब्द झाला. बदकाप्रमाणे दोन्ही बाजूंना झुकत चालणे हा त्याचा अर्थ. 'स्टॅगर' या शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स भाषेतील 'स्टाक्रा' या क्रियापदात असून तेही अशाच पुनरावृत्तिदर्शक घडणीचे आहे. 'वॉबल', 'हॉबल', 'टॉटर', 'टीटर', 'डॉडर' हे शब्दही याच वळणाचे आहेत. एकदा तोल जाणे आणि पुनःपुन्हा तोल जाणे यांतील अंतर हा प्रत्यय दाखवितो.

मराठीने हेच कार्य द्विरुक्तीकडे सोपविले आहे. डगमग, लटपट, डळमळ, लडखड, धडपड या अनुकरणवाचक शब्दांत दोन घटक एकमेकांवर आदळतात आणि हालचालीची पुनरावृत्ती कानालाच जाणवते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशा शब्दांचा मोठा संग्रह आहे. म्हणजेच इंग्रजीतील या शब्दांना मराठीत समांतर शब्द नाहीत, ही समजूत निराधार आहे. असलेल्या शब्दांची योजना नेमकेपणाने होत नाही, हीच खरी अडचण आहे.

३. पायाचे शब्द

'स्टम्बल' म्हणजे पाय कशाला तरी लागून किंवा चुकीचा पडून तोल जाणे. मध्ययुगीन इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला हा शब्द असून 'ठेचकाळणे' व 'अडखळणे' हे त्याचे जवळचे प्रतिशब्द होत. येथे अडथळा बाहेरचा असू शकतो, म्हणून दोष सौम्य राहतो. 'ट्रिप' या शब्दाचा प्रवास मनोरंजक आहे. जुन्या फ्रेंच भाषेत त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ नाचणे, उड्या मारणे असा होता. हलक्या पावलाने चालणारा पाय अडकला की 'ट्रिप' घडते.

'स्टॅगर' आणि 'रील' या शब्दांत बाहेरचा अडथळा नसतो; तोल शरीराच्या आतूनच सुटलेला असतो. आघात, अशक्तपणा, मद्य अथवा ओझे ही त्याची कारणे. मराठीत झोकांड्या खाणे, भेलकांडणे हे शब्द येथे योग्य ठरतात. 'लर्च' हा एकदाच आणि अचानक बसणारा झोक आहे. जहाज लाटेवर एका बाजूला एकाएकी कलंडते, त्या क्रियेवरून नाविकांच्या बोलीतून हा शब्द रूढ झाला. एखाद्याला संकटात एकटे सोडून जाणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारात येणारा 'लर्च' मात्र वेगळा आहे. तो एका जुन्या फ्रेंच खेळाच्या नावावरून आला आहे. रूप एक आणि मूळ भिन्न, याचे हे चांगले उदाहरण होय.

'वॉबल' या शब्दात वस्तू जागेवरच राहते आणि तिचा आस डुलतो. म्हणून विज्ञानात तो दोषरहित संज्ञा म्हणून स्थिरावला. पृथ्वीच्या परिभ्रमण-अक्षाच्या, सुमारे ४३३ दिवसांच्या आवर्तनकालाच्या सूक्ष्म डोलण्याला ती हालचाल १८९१ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या सेथ चँडलर यांच्या नावावरून 'चँडलर वॉबल' असे म्हणतात. फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ मध्ये जनुकीय संकेताच्या वाचनातील तिसऱ्या स्थानावरच्या सैलपणासाठी 'वॉबल' हाच शब्द योजला. लंडनमधील मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि पादचाऱ्यांच्या पावलांखाली डुलू लागल्याने दोन दिवसांतच बंद करावा लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पूल किंचित डुलताच तोल सांभाळण्यासाठी लोक नकळत त्याच लयीत पाय टाकू लागत आणि त्यामुळे डोलणे अधिक वाढे. लोकांनी त्याला 'डुलणारा पूल' असेच नाव दिले. येथे 'स्टम्बल' किंवा 'स्टॅगर' हे शब्द बसणार नाहीत, कारण पुढे जाण्याची क्रियाच तेथे नाही. मराठीतही डुगडुगणे हे टेबलाचे असते, डळमळणे पायाचे किंवा सरकारचे असते आणि लटपटणे माणसाच्या पायांचे असते.

'फ्लाउंडर' म्हणजे चिखलात किंवा पाण्यात हातपाय मारीत राहणे. 'फाउंडर' या क्रियापदाशी त्याची नेहमी गल्लत होते. 'फाउंडर' हा शब्द तळ या अर्थाच्या लॅटिन 'फुंडुस'पर्यंत पोचतो. बुडून तळाशी जाणे, कोसळणे हा त्याचा अर्थ. योजना 'फ्लाउंडर' करीत असेल तर ती अजून वाचू शकते. 'फाउंडर' झाली असेल तर ती बुडालेली असते. 'फ्लाउंडर'ला मराठीत 'धडपडणे' हा शब्द सुचतो, परंतु येथे दोन भाषांच्या दृष्टीत फरक आहे. मराठीतील धडपड पडण्याची आहे, तशीच प्रयत्नाचीही आहे. साने गुरुजींच्या 'धडपडणारी मुले' या कादंबरीच्या शीर्षकात तर ती गौरवाचीच आहे. इंग्रजी शब्दात असा गौरव नाही, केवळ अगतिकता आहे. म्हणून विद्यार्थ्याला उद्देशून इंग्रजीत 'फ्लाउंडरिंग' असा शेरा लिहिणे आणि मराठीत 'धडपडणारा' म्हणणे या गोष्टी समान नाहीत.

४. हाताचे आणि कामाचे शब्द

'फम्बल' हा हाताचा शब्द आहे. अंधारात किल्ली शोधणे, सुट्या पैशांसाठी खिसा चाचपणे, हाती आलेला चेंडू नीट न पकडता येणे ही त्याची उदाहरणे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ताब्यातील चेंडू खेळाडूच्या हातून सुटण्याला 'फम्बल' हीच पारिभाषिक संज्ञा आहे. मराठीत 'चाचपडणे' हा शब्द शोधण्याची बाजू दाखवितो आणि 'हातून निसटणे' हा परिणामाची. एका इंग्रजी शब्दाला येथे संदर्भानुसार दोन मराठी शब्द लागतात.

'बंगल' आणि 'बॉच' हे शब्द पूर्ण कामाचा निकाल सांगतात. एखादा क्षण चुकला म्हणून काम 'बंगल' होत नाही. अकौशल्यामुळे संपूर्ण कामाचा विचका झाला तरच हा शब्द योग्य. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत झालेल्या घुसखोरीचे वर्णन इंग्रजी लेखनात अनेकदा याच शब्दाने केले जाते. दाराची खिट्टी बसू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी पहारेकऱ्याने काढून टाकली. घुसखोरांनी ती पुन्हा लावली. ती दुसऱ्यांदा दिसताच त्याने पोलिसांना बोलावले आणि पाच जण पकडले गेले. येथे 'स्लिप' म्हणणे अपुरे ठरेल, कारण बिघाड एका क्षणाचा नव्हता, कामाच्या पद्धतीचाच होता.

'बॉच' या शब्दाचा मूळ अर्थ दुरुस्त करणे, ठिगळ लावणे असा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो याच अर्थाने आढळतो; वाईट दुरुस्ती करणे हा अर्थ सोळाव्या शतकात आला. ज्या कामात सुधारण्याच्या प्रयत्नानेच बिघाड वाढला, त्यासाठी हा शब्द आजही विशेष शोभतो. 'थातुरमातुर ठिगळ लावणे' या मराठी शब्दयोजनेत ही छटा नेमकी उतरते.

'ब्लंडर' हा या समूहातील सर्वांत कठोर शब्द. त्याचे मूळ डोळे मिटणे या अर्थाच्या प्राचीन नॉर्स क्रियापदाशी जोडले जाते आणि इंग्रजीत प्रारंभी त्याचा अर्थ आंधळेपणाने चाचपडत, अडखळत चालणे असा होता. पुढे त्यात 'पाहता येत असून पाहिले नाही' असा दोषारोप आला. बुद्धिबळाच्या डावांच्या लेखनात साध्या चुकीच्या खेळीपुढे एक प्रश्नचिन्ह आणि 'ब्लंडर'पुढे दोन प्रश्नचिन्हे देतात. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे ब्रिटिश घोडदळ संदिग्ध आदेशामुळे तोफांच्या तोंडी दिले गेले. टेनिसन यांनी त्या प्रसंगावरील 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या कवितेत 'ब्लंडर' हे क्रियापद योजले, परंतु ती चूक करणाऱ्याचे नाव घेतले नाही. नाव नसूनही कोणीतरी दोषी आहे, हे त्या शब्दानेच सांगितले. मराठीत 'घोडचूक' हा त्याचा समर्थ प्रतिशब्द असून केवळ 'चूक' असे म्हणणे अर्थहानी करणारे आहे.

५. जिभेचे शब्द

पायाचे शब्द जिभेकडे सहज जातात. 'फॉल्टर' हा पाऊल डळमळणे या अर्थाचा शब्द पुढे बोलताना आवाज कापरा होणे व निश्चय ढासळणे या अर्थांनी रूढ झाला. 'स्टम्बल' वाचनातही घडते. मराठीत अडखळणे हे दोहोंकडे चालते, चाचरणे मात्र बोलण्यासाठीच राखलेले आहे. 'स्लिप' तर जिभेशी आणि लेखणीशी सारखाच जोडला जातो. मराठीतील 'जीभ घसरणे', 'हस्तदोष' व 'नजरचूक' या शब्दांतही चुकीची जबाबदारी माणसाऐवजी अवयवावर टाकलेली दिसते. फ्रॉइड यांनी १९०१ मधील आपल्या दैनंदिन जीवनाच्या मनोविकृतिविषयक ग्रंथात या सौम्यपणालाच हरकत घेतली आणि असे घसरणे पुष्कळदा दडलेल्या हेतूने घडते असे प्रतिपादन केले.

येथे अभिजात भाषांचे साम्यही लक्षणीय आहे. 'एरर' हा शब्द भटकणे या अर्थाच्या लॅटिन 'एर्रारे'पासून आणि 'लॅप्स' हा घसरणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. संस्कृतमध्ये 'भ्रम्' म्हणजे फिरणे व 'स्खल्' म्हणजे अडखळणे. त्यांपासून आपले भ्रम व स्खलन हे शब्द झाले. मराठी 'चुकणे' हे क्रियापदही रस्ता चुकणे, नेम चुकणे अशा प्रयोगांत आजवर हालचालीच्या अर्थाने वावरते.

६. ज्ञानशाखांतील परिभाषा

सामान्य व्यवहारात सैलपणे वापरले जाणारे हे शब्द काही ज्ञानशाखांत काटेकोर होतात आणि तेथे शब्दनिवडीचे परिणाम प्रत्यक्ष असतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५२ नुसार न्यायनिर्णय, हुकूमनामा अथवा आदेशातील लेखनाच्या व अंकगणिताच्या चुका, तसेच अनवधानाने झालेल्या 'स्लिप'मुळे किंवा काही वगळले गेल्यामुळे उद्भवलेल्या चुका न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते. विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे अशी तक्रार असेल, तर या कलमाचा आधार मिळत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या प्रकरणात निर्णयातील चूक म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, असे स्पष्ट केले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : तोल घसरला, की विचार चुकला, की काळजीच घेतली नाही?

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 'ह्यूमन एरर' (१९९०) या ग्रंथात हाच भेद मांडला. योजना बरोबर असून कृतीत लक्ष चुकले तर 'स्लिप', स्मरण चुकले तर 'लॅप्स' आणि मूळ योजनाच चुकीची असेल तर 'मिस्टेक'. भाषाशिक्षणात एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये जो भेद केला, त्यात मात्र ज्ञान असूनही थकव्याने अथवा घाईने घडते ती 'मिस्टेक' आणि भाषेविषयीच्या अपुऱ्या ज्ञानातून सातत्याने घडते ती 'एरर'. म्हणजे रीझन यांची 'मिस्टेक' खोलवरची आहे, तर कॉर्डर यांची वरवरची. एका शाखेची संज्ञा दुसऱ्या शाखेत जशीच्या तशी नेली तर अर्थ उलटा होतो. आंतरविद्याशाखीय लेखन करणाऱ्यांनी ही दक्षता घेणे अगत्याचे आहे.

कॉर्डर यांचा भेद उत्तरपत्रिकेच्या मूल्यमापनात थेट उपयोगी आहे. एकदाच घसरलेले रूप विद्यार्थ्याला दाखविताच तो स्वतः सुधारतो; तेच रूप दहा ठिकाणी चुकत असेल तर तेथे गुण कापण्याने काही साधत नाही, अध्यापनाची गरज असते.

७. व्यक्तीविषयीचा भाव

हालचालीच्या शब्दांत वय, प्रकृती व नाते दडलेले असते. नुकते चालू लागलेले मूल 'टॉडल' करते, म्हणून त्याला 'टॉडलर' म्हणतात. मराठीत ते दुडूदुडू चालते. या शब्दांत कौतुक आहे. वृद्ध व्यक्तीच्या कापऱ्या चालीसाठीचा 'डॉडर' हा शब्द मात्र शारीरिक दुर्बलतेबरोबर बुद्धिमांद्यही सुचवितो आणि म्हणून अवमानकारक ठरतो. दोन्ही चाली अस्थिरच आहेत. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत.

'स्टॅगर' व 'रील' या शब्दांनी वाचकाच्या मनात मद्यपानाची शंका येते. मराठीत 'झिंगणे' किंवा 'झोकांड्या खाणे' यांनीही तेच घडते. परंतु रक्तातील साखर कमी झालेला मधुमेही किंवा मेंदूच्या विकाराने ग्रस्त रुग्णही असाच चालतो. बातमीत अथवा अहवालात 'झिंगत चालत होता' असे लिहिले की तपासणीपूर्वीच निकाल दिला जातो आणि उपचारास विलंब होऊ शकतो. 'चाल अस्थिर होती' हे वाक्य तेवढीच माहिती देते आणि अधिक काही सुचवीत नाही.

अनुवादातील सर्वांत मोठा धोका नीतिवाचक अर्थाचा आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या 'फो पा' या शब्दाचा शब्दशः अर्थ 'चुकीचे पाऊल' असला, तरी इंग्रजीत तो शिष्टाचारातील लहानशा चुकीसाठी वापरतात. मराठीत 'वाकडे पाऊल पडणे' आणि 'पाय घसरणे' हे वाक्प्रचार चारित्र्याकडे, विशेषतः स्त्रीच्या चारित्र्याकडे, बोट दाखवितात. मेजवानीत अनुचित बोललेल्या एखाद्या स्त्री-पात्राचे वर्णन अनुवादकाने या शब्दांत केले, तर मूळ कथेत नसलेला आरोप तिच्यावर येतो. तेथे 'औचित्यभंग' हा शब्द पुरेसा आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या शब्दांचे अध्यापन करताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. पहिला, तोल कशाचा गेला : पायाचा, हाताचा, जिभेचा, नजरेचा की विचाराचा? दुसरा, शब्द चालू क्रियेचे वर्णन करतो की संपलेल्या कामाचा निकाल देतो? तिसरा, त्यात दोष किती आणि भाव कोणता? या प्रश्नांच्या उत्तरांतून 'स्टम्बल'साठी ठेचकाळणे, 'फम्बल'साठी चाचपडणे, 'बंगल'साठी विचका करणे, 'ब्लंडर'साठी घोडचूक, 'फॉल्टर'साठी चाचरणे आणि 'टॉडल'साठी दुडूदुडू चालणे असे नेमके प्रतिशब्द विद्यार्थी स्वतः शोधू शकतात.

शब्दार्थांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एकाच प्रसंगाचे वर्णन तीन भिन्न शब्दांनी करावयास लावावे आणि प्रत्येक वर्णनात दोष कोणाकडे गेला हे विचारावे. न्यायनिर्णय, बातमी अथवा रुग्णाची नोंद यांतील एखादा उतारा यासाठी सहज उपलब्ध होतो. मराठी आणि इंग्रजी विभागांनी हा स्वाध्याय एकत्रितपणे घेतल्यास दोन्ही भाषांच्या शब्दसंपत्तीचा विद्यार्थ्यांना लाभ होईल.